बाईंच्या शाळेतल्या एकवीस खुणा

मलकापूर,
४ जानेवारी २०२५

आदरणीय श्यामलाबाई,
सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुमच्याकडच्या बायडाबाईंनी उचलला आणि सांगितलं, 'बाई फोनवर बोलत न्हाईत. काय असंल ते लिवून धाडा.' म्हणून हे पत्र.

रत्नागिरी रस्त्यावर, मलकापूरच्या अलीकडे 'मायगाव' नावाचं मोठं मनोरंजन उद्यान उभं राहतंय. पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, पण माझं काम मधल्या गावाचं आहे. हे १९८५ सालचं गाव. वेशीतून आत पाऊल टाकलं की आजची एकही गोष्ट डोळ्याला दिसता कामा नये. गिरणी खरंच दळते, कासार खरंच बांगड्या भरतो, पोस्टात टाकलेलं कार्ड खरंच घरी पोचतं.

त्यातही माझ्याकडे 'खुणा' आहेत. प्रत्येक इमारतीत बारीकसारीक गोष्टी दडवायच्या, ज्या शोधल्याशिवाय दिसत नाहीत. गिरणीच्या उंबऱ्यात रुतलेला बैलाचा नाल, न्हाव्याच्या आरशामागे खोचलेली लग्नपत्रिका, असं. आत येणाऱ्या मुलांना शोधपत्रक मिळतं. खूण सापडली की शिक्का. आमचे राजवर्धनसाहेब म्हणतात, लोक एकदा बघायला येतात, पण दुसऱ्यांदा येतात ते शोधायला.

गावात शाळा हवी. या भागातली म्हातारी माणसं अजून 'बाईंची शाळा' म्हणतात, ती तुमची. इमारत पाडली, तिथं आता मंगल कार्यालय आहे. फोटोत तर फक्त पहिली रांग आणि हार दिसतात. फोटोत न येणारं तुम्हालाच ठाऊक. सांगाल का?

आपली नम्र,
स्वप्नाली


शाहूपुरी, कोल्हापूर,
११ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र सोबत परत पाठवीत आहे. सात ठिकाणी तांबडी शाई आहे, ती पाहून घे. अक्षर बरे आहे.

पत्र आले याचा आनंद झाला हे मान्य करते. शाळेतून बाहेर पडून सोळा वर्षे झाली. निरोपाच्या दिवशी चांदीची सरस्वती दिली आणि त्यानंतर कोणी फिरकले नाही. इमारत पाडल्याचेसुद्धा मला वर्तमानपत्रातून कळले. चोवीस वर्षे मी तेथे मुख्याध्यापिका होते. पंचक्रोशीतल्या मुलींना बोलायला, बसायला, मान वर करून चालायला मी शिकविले. तेव्हा विचारलेस ते योग्य माणसाला.

आता माहिती. नीट उतरवून घे.

घंटा पितळी नव्हती. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा आंब्याला टांगलेला होता. शिपाई आकाराम तो लोखंडी खिळ्याने वाजवी.

माझ्या खोलीच्या खिडकीला काचा होत्या आणि त्यांना आतून पांढरा रंग दिलेला होता. डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा रंग मी नखाने खरवडला होता. त्यातून मला सगळे मैदान दिसे, मैदानाला मी दिसत नसे. मुलींना वर्षानुवर्षे कळले नाही की बाईंना सगळे कसे ठाऊक असते.

भिंतीवर टांगलेली छडी दाखवायची होती. वापरायची छडी नकाशांच्या गुंडाळ्यांत असे. आशिया खंडाच्या आत.

व्हरांड्याला चार पायऱ्या. उशिरा येणाऱ्या मुली तिसरीवर उभ्या राहत. पहिलीवर सावली असे, तिसरीवर नसे. तेवढीच पायरी झिजली होती. ती झिजलेलीच कर. अशा आणखी बारीक गोष्टींची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे.

श्यामला


मलकापूर,
२७ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तांबडी शाई पाहिली. सातही चुका पुन्हा होणार नाहीत.

तुमच्या पत्राच्या चार प्रती काढून कारागिरांना दिल्या. खिडकीचं भोक वाचून राजवर्धनसाहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, अशी खूण पैसे देऊन मिळत नाही. रुळाचा तुकडा मिरजेहून आणला. आशिया खंडही मिळाला.

एक सांगायचं राहिलं. माझी थोरली बहीण तुमच्याच शाळेत होती. घरात आम्ही तिला आक्का म्हणतो. सातवीनंतर तिनं शाळा सोडली. आता आमच्या सात म्हशी तीच बघते. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मला घरच्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं. शाळेचं तिला विचारलं तर म्हणते, 'कशाला उकराय लागलीयास?' आणि धारेला बसते.

गावात असं ऐकलं की तुमच्या शाळेत एक पाटी होती, गळ्यात घालायची. ती कशी होती, काय लिहिलं होतं, दोरी कसली होती, हे कळवाल का? ती जमली तर शाळेतली सगळ्यात मोठी खूण तीच होईल.

आपली नम्र,
स्वप्नाली


शाहूपुरी, कोल्हापूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

या वेळी दोनच चुका. सुधारणा आहे.

पाटीविषयी विचारलेस ते बरे केलेस, कारण लोक त्याविषयी काहीही बोलतात. ती शिक्षा नव्हती, पद्धत होती. तुमच्या भागातल्या मुली 'हाय, न्हाय, व्हय' करीत शाळेत येत. बाईमाणूस असून 'मी जातो, मी येतो' म्हणत. अशाने पुढे नोकरी कोण देणार? म्हणून मी साध्या दगडी पाटीला वर दोन भोके पाडून घेतली आणि तीवर पांढऱ्या तैलरंगाने लिहून घेतले: 'मी गावठी बोलले.' जी बोलेल तिच्या गळ्यात पाटी. तिने दुसरीला तसे बोलताना पकडायचे आणि मला येऊन सांगायचे, की पाटी दुसरीच्या गळ्यात. शेवटच्या घंटेला जिच्याकडे असेल तिने ती घालूनच घरी जायचे आणि सकाळी घालूनच यायचे.

यातली युक्ती लक्षात घे. मला काहीही करावे लागत नसे. मुलीच एकमेकींवर कान लावून असत. महिन्याभरात मैदान शांत झाले.

उपयोग झाला का, असे विचारशील. एका मुलीचे उदाहरण देते. ती कोणालाच पकडून देईना. अकरा दिवस सलग पाटी तिच्याकडे होती. अडाणी हट्ट, दुसरे काय. पण बाराव्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत तिच्या तोंडून एकही अशुद्ध शब्द आला नाही. इतका पालट मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

दोरी कसली होती ते लक्षात नाही. असेल कसली तरी.

आता माझे एक म्हणणे. शाळा माझी आहे तर कमानीवर तसे लिहावे. शाळेच्या जागेवर आता लग्ने लागतात. माझे नाव कोठेतरी असावे, एवढीच इच्छा आहे.

श्यामला


मलकापूर,
१२ मार्च २०२५

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

कमानीवर तुमचं नाव लागलं. दीड फुटाची अक्षरं, निळ्यावर पांढरी. तुमच्या पत्रांतलं एकही वाक्य वाया घालवलं नाही. शाळेत एकवीस खुणा झाल्या आणि त्यांतल्या वीस तुमच्या शब्दांवरून हुबेहूब केल्या.

उद्घाटन गुढीपाडव्याला, ३० मार्चला. तुम्ही यायचंच. सकाळी साडेआठला गाडी दारात येईल. त्या दिवशी तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलामागे, तुमच्या खुर्चीत तुम्हीच बसायचं. मुलं एकेक करून आत येतील, तुम्ही त्यांच्या पत्रकावर शेवटचा शिक्का मारायचा. तुमच्या हातूनच तो शोभेल.

दोन गोष्टी राहिल्यात. दोरी अजून नक्की नाही. कारागिरानं सध्या नायलॉनची घातलीय. आणि ती मुलगी, जी बाराव्या दिवसापासून एकदाही चुकली नाही, तिचं नाव काय होतं? मला फक्त नाव हवंय. आठवून बघा. एवढं नाव मिळालं तर मला शाळेचं दुसरं काही नको.

आपली नम्र,
स्वप्नाली


शाहूपुरी, कोल्हापूर,
१७ मार्च २०२५

चि. स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

येते. माझ्या पुतणीची मुलगी अवनी, वय नऊ, सोबत असेल. खुर्चीला हात असावेत.

मुलीचे नाव आठवत नाही. हजारो मुली हाताखालून गेल्या. दोरीचे मागेच लिहिले आहे; एकच गोष्ट दोनदा विचारू नये.

श्यामला


शाहूपुरी, कोल्हापूर,
२ एप्रिल २०२५

स्वप्नाली,

आशीर्वाद लिहीत नाही.

पाडव्याला गाडी दहा मिनिटे उशिरा आली तेव्हाच मी ओळखायला हवे होते. तरी कमान पाहिली आणि खरे सांगते, माझे डोळे भरले. रूळ वाजला, तोच आवाज. व्हरांड्याची तिसरी पायरी चढताना मी पाय जपून टाकला, कारण ती झिजलेली होती. तू मला माझ्या खोलीत नेलेस, नमस्कार केलास, शिक्का हातात दिलास आणि निघून गेलीस.

मग मुले यायला लागली. पहिला मुलगा दारात उभा राहून म्हणाला, 'व्हय बाई.' मला वाटले खेड्यातला असेल. मी त्याला सुधारले. तो खिदळत पळाला. दुसरी पुण्याची होती, इंग्रजी शाळेतली. तीही म्हणाली, 'व्हय बाई.' तिच्या गळ्यात पाटी होती. मागच्या मुलीने ती काढून स्वतःच्या गळ्यात घातली, आणि त्यांच्या आईने फोनवर त्यांचा आणि माझा फोटो काढला. मी ओरडले, तशी सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. त्यांना वाटले, मला तसे करायलाच बसविले आहे. दुपारपर्यंत चारशेवर मुले आली. खिडकीच्या भोकाला बाहेरून डोळे लागत होते. बाहेरून, आत माझ्याकडे बघायला. नकाशातून छडी काढून एका पोराने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, 'बाई, मारा की.'

मी शिक्के मारीत राहिले. दुसरे काय करणार होते? रांग संपत नव्हती.

परतताना गाडीत अवनीने शोधपत्रक मोठ्याने वाचून दाखविले. 'खूण एकविसावी: या शाळेत एक वस्तू जिवंत आहे. ती ओरडते. तिला शोधा, "व्हय बाई" म्हणा आणि शिक्का घ्या.' मग तिने मला विचारले, हे सगळे तू खरेच करायचीस का? मी म्हटले, खोटे आहे. ती म्हणाली, पण पत्रकात शेवटी छापलेय की सगळे बाईंनी स्वतः लिहून दिले.

कमानीवरचे माझे नाव आठ दिवसांत उतरव.

श्यामला


मलकापूर,
१४ एप्रिल २०२५

बाई,
नमस्कार.

नाव उतरणार नाही. ते तुम्हीच मागून घेतलंत, तुमच्या सहीनिशी.

मी एकही गोष्ट पदरची घातलेली नाही. भोक तुम्ही सांगितलंत, आशिया खंड तुम्ही सांगितला, पायरीवर ऊन कुठं पडतं तेही तुम्हीच. माझ्या पत्रातल्या वेलांट्या तुम्हाला खटकल्या, पण स्वतःच्या पत्रात तुम्हाला काहीच खटकलं नाही. मी दर वेळी वाट बघायची की या ओळीवर तरी बाईंचा हात थांबेल. एकदाही थांबला नाही. एकविसावी खूण तेवढी माझी आहे.

जी मुलगी बाराव्या दिवसापासून चुकली नाही, ती माझी आक्का. ती शुद्ध बोलायला लागली नव्हती बाई. तिनं बोलणंच सोडलं होतं. वर्षभर वर्गात एक शब्द नाही, आणि तुम्ही त्याला पालट म्हणालात. पाटी घालून ती अकरा दिवस गावातून घरी आली, पाटी घालून संकलन केंद्रावर दूध घालायला गेली. माणसं मोठ्यानं वाचून दाखवायची. आमचे वडील पिराजी शाळेत आले होते. तुम्ही त्यांना व्हरांड्यात उभं केलंत आणि ते 'बाईसायेब, पोरगी न्हानी हाय' म्हणाले, तेव्हा आक्काच्या देखत सांगितलंत की पाटी खरी तर तुमच्याच गळ्यात हवी. वडिलांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. हे मला त्यांनीच सांगितलं, गेले त्या वर्षी.

आक्का पन्नाशीची झाली. घराच्या उंबऱ्याबाहेर ती आजही बोलत नाही. दूध घालताना बोटं दाखवते. तिला बघायला पाहुणे आले तेव्हाही बोलली नाही, त्यांना वाटलं मुकी आहे. घरात मात्र अखंड बडबडते, म्हशींशीसुद्धा.

मला बदला नको होता. मला नाव हवं होतं. तुम्हाला ते आठवत असतं तर एकविसाव्या खुणेत मी तिचं नाव कोरणार होते. जागा रिकामी राहिली, तिथं तुम्हाला बसवलं.

साहेबांना तुम्ही फार आवडलात. दर रविवारी याल का, विचारताहेत.

स्वप्नाली


शाहूपुरी, कोल्हापूर,
९ जून २०२५

चि. स्वप्नाली,

तुझे पत्र फाडले होते. तुकडे बायडाबाईने केरातून काढून ठेवले होते. ते जुळवून पुन्हा वाचले.

पाडव्यापासून दहा रविवार गेले. अवनी येईनाशी झाली आहे. तिची आई म्हणते, अभ्यास असतो. मेमध्ये कसला अभ्यास? बायडाबाई येते, पण मी काही सांगू लागले की आता 'व्हय बाई' म्हणते. पूर्वीही म्हणत असेल. मला आताच ऐकू येते.

तू लिहिलेस ते मी नाकारीत नाही. क्षमा मागणार नाही. मला ती मागता येत नाही, आणि मागितली तर तूच म्हणशील की खोटी आहे. त्याऐवजी तुला हवे होते ते देते.

दोरी नायलॉनची नव्हती. काथ्याची होती. नायलॉन गुळगुळीत असते, टोचत नाही. काथ्या मी मुद्दाम निवडला, बाजारातून स्वतः आणला.

तुझी बहीण मानेत दोरी रुतू नये म्हणून गणवेशाची कॉलर वर करून तीवर दोरी घेई. अकराही दिवस तिने तसे केले. मी तिला रोज प्रार्थनेच्या रांगेतून पुढे बोलावीत असे आणि कॉलर खाली करायला लावीत असे. ती करी. बाराव्या दिवशी मानेवर लाल रेघ होती, ती पाहून मी पाटी काढून घेतली. तिने कोणाला पकडून दिले म्हणून नव्हे. तिच्या मानेकडे मला बघवेना म्हणून. हे मी कोणाला सांगितले नाही. तिलाही नाही. तिला म्हटले, तू सुधारलीस.

धोंडुबाई पिराजी. हजेरीत सव्विसावी. मला पहिल्या पत्रापासून अंदाज होता. पाकिटावर तुझ्या नावापुढे पिराजी वाचले, गाव पाहिले, आणि सातवीनंतर शाळा सोडलेली बहीण म्हटलेस तेव्हा शंका उरली नाही. तरी वाटले, कमान होऊन जाऊ दे.

रविवारी येते. मुले हसली तरी चालतील. घरात बसून राहण्यापेक्षा ते बरे. गाडी साडेआठला, वेळेवर. तुझ्या बहिणीला यायचे असेल तर ती आत येईपर्यंत मी उभी राहीन.

तुझी,
श्यामला


मलकापूर,
२४ जून २०२५

बाई,
नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. त्यात एकही चूक नाही.

दोरी बदलली. काथ्याची घातली. मुलं आता पाटी फार वेळ गळ्यात ठेवत नाहीत.

रविवारी गाडी आली नाही, येणारही नाही. तुमचं उत्तर येईना, म्हणून साहेबांनी मेमध्येच फायबरचा पुतळा करून घेतला. पाडव्याच्या फोटोंवरून केलाय. टेबलामागे, हाताच्या खुर्चीत बसवलाय. मुलं 'व्हय बाई' म्हणाली की आतून तुमच्या ओरडण्याचा आवाज येतो. तोही पाडव्याचाच, कुणाच्या तरी फोनमधून मिळाला. रांग पूर्वीसारखीच असते.

तुमचं पत्र आक्काला धार काढताना वाचून दाखवलं. कॉलरपाशी आल्यावर तिचे हात थांबले. म्हणाली, 'म्हंजे ठावं हुतं की बाईस्नी.' चरवी भरली, उठली, आणि म्हणाली, 'ऐतवारी मी येतो.'

आली. घरून निघाल्यापासून उद्यानात पोचेपर्यंत नेहमीसारखी गप्प. तिकिटाला बोटं दाखवली. तिसऱ्या पायरीवर थोडी थांबली, मग आत गेली आणि पुतळ्यापुढे उभी राहिली. मी तिला सांगितलं की बाई स्वतः यायला तयार आहेत, तुझ्यासाठी उभी राहीन म्हणतात, बोलावू का? तिनं मान हलवली. नाही.

मग ती बोलायला लागली. मागे चाळीसेक मुलं थांबली होती, त्यांचे आईबाप थांबले होते. पाव तास बोलली. आवाज आधी फुटेना, मग फुटला तो व्हरांड्यापर्यंत गेला. कुणी हसलं नाही. खुर्चीत तुम्ही असतात तर ती बोलली नसती, म्हणून तुम्हाला बोलावलं नाही आणि बोलावणारही नाही.

एकही शब्द शुद्ध नव्हता. काय बोलली ते विचारू नका, मी कळवणार नाही.

स्वप्नाली